समोरच्या दारातली ग्रॅमबाई

उसनी नेलेली वाटीभर साखर 'एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम' म्हणून परत करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. केतकी. नवऱ्याबरोबर पुण्याहून आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन तिला चार दिवस झाले होते, अर्धी खोकी अजून बांधलेलीच होती आणि बाईसाहेबांना केक करायचा होता. साखर मिळते का विचारायला आली, मी दिली. दुसऱ्या दिवशी साखर झाकणाच्या डबीतून परत आली आणि डबीवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: '१८४ ग्रॅम. थँक्यू ताई.' म्हणजे हिनं माझी वाटी घरी नेऊन आधी वजन केली होती! आमच्यात उसनं परत करताना वाटी शिगोशीग भरून देतात, वरून चार दाणे सांडले तरी चालतील. मी ती चिठ्ठी नवऱ्याला दाखवली. तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मोजमापाच्याच खात्यात आहे. तो म्हणाला, "चांगलं आहे की!" त्याला काय कळतंय. मी त्याच दिवशी तिचं नाव ग्रॅमबाई ठेवून टाकलं.

आम्ही बंगळुरातले जुने. किती पिढ्यांपूर्वी आलो ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतो, पण आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की पुण्याहून आलेलं माणूस दोन मिनिटं नुसतं तोंडाकडे बघत बसतं. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आणि वडील म्हणजे अण्णा. अण्णांचं जुन्या बंगळुरातल्या पेठेत किराण्याचं दुकान होतं. आई गेली, दुकान बंद केलं, आणि अण्णा माझ्याकडे मारतहळ्ळीला राहायला आले. हॉलमधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की "बेडा, बेडा, नकोच" करून हात झटकायचे. पेपरातले मोठे मथळे तेवढे वाचायचे आणि बाकीचा पेपर मला वाचून दाखवायला लावायचे.

आणि केतकी येईपर्यंत त्या बिल्डिंगमध्ये केक म्हटलं की तो शोभाक्काचाच. शोभाक्का म्हणजे मी. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असो, कुणाच्या लग्नाची पंचविशी असो, माझ्याकडे निरोप यायचा. माझं माप म्हणजे आमचा कॉफीचा स्टीलचा लोटा, म्हणजे पेला. दोन लोटे मैदा, दीड लोटा साखर, दही अंदाजानं, सोडा चिमटीनं. बिनअंड्याचा, कारण अण्णांना अंडं चालत नाही. केक करताना मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. लोकांना वाटायचं, हिचं काहीतरी गुपित आहे. गुपित एवढंच होतं की आत काय होईल ते मलाही ठाऊक नसायचं. कधी फुलून यायचा, कधी मध्ये खड्डा पडायचा. खड्डा पडला की मी त्यावर साखरेचं दाट आयसिंग ओतायची आणि दार उघडायची.

केतकीचं दार मात्र सताड उघडं. तिचा काटा म्हणजे एक पांढरी पातळ ताटली, पुढे दोन बटणं आणि करड्या आकड्यांची छोटीशी खिडकी. त्यावर भांडं ठेवायचं, बटण दाबून शून्य करायचं, मैदा घालायचा. पुन्हा शून्य, साखर. पुन्हा शून्य, दही. तेलसुद्धा ती वजनावर घ्यायची, पेल्यात मोजलं की निम्मं पेल्यालाच चिकटून राहतं म्हणे. सगळं एकाच भांड्यात, खरकटंही एकच भांडं. सोड्यासारख्या दोन-तीन ग्रॅमच्या वस्तूवर मात्र तिचा त्या मोठ्या काट्यावर विश्वास नव्हता. "एवढ्याशा वजनाला हा थापा मारतो, ताई," असं म्हणून त्यासाठी तिनं सोनाराकडे असतो तसला एक तळहाताएवढा काटा ठेवला होता. आणि कुणीही ओट्यापाशी उभं राहिलं की तिची शिकवणी सुरू. "तुमची वाटी आज हलकी भरली तर एकशे वीस ग्रॅम मैदा घेते, उद्या दाबून भरली तर दीडशे. मग केक रोज वेगळा होणारच ना?" माझा केक रोज वेगळा होतो हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं.

तिचा केक मात्र दर वेळी सारखाच यायचा. सपाट माथा, कडा सरळ, आत एकसारखी जाळी. मी त्यात खोड काढायला म्हणून दोन-दोन तुकडे खाल्ले आहेत. खोड सापडली नाही, वजन माझं वाढलं. हळूहळू निरोप समोर जायला लागले. चौथ्या मजल्यावरची बाई तर मला लिफ्टमध्ये म्हणाली, "शोभाक्का, या वेळी म्हटलं तुम्हाला कशाला त्रास!" मी हसून म्हटलं, "बरं केलंत हो." आणि घरी येऊन नवऱ्यावर उगीच ओरडले. जळत होते मी, दुसरं काय. चौपन्न वर्षांची बाई तिशीतल्या पोरीवर जळते हे सांगायला लाज वाटते, पण जळत होते हे खरं.

तरीही केकपुरतं असतं तर मी गिळलं असतं. पण एका शनिवारी दुपारी ती दारात आली, दोन्ही हात मैद्यानं भरलेले. "ताई, तुमच्याकडे वजनकाटा आहे का? माझ्या काट्याचा सेलच संपला, आणि दुकानातला पोऱ्या म्हणतो संध्याकाळी देतो." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "नाही ग बाई, आमच्याकडे असलं काही नसतं," असं मी अगदी गोड आवाजात सांगितलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "किती हवंय?" अण्णांनी विचारलं. "अडीचशे ग्रॅम मैदा, काका." "म्हणजे पाव किलो. चल." आणि माझे अण्णा, जे मी दहा वेळा सांगूनही खाली बागेत फिरायला जात नाहीत, ते चप्पल न घालता समोर गेले.

तासाभरानं परत आले ते शर्टाला पीठ लावून. तिथे ताटलीत मैदा ओतत गेले म्हणे, ताटली तळहातावर दोनदा तोलली आणि म्हणाले, "साकु, पुरे. पाव किलो झालं." संध्याकाळी सेल मिळाल्यावर केतकीनं, अण्णांनी दुसऱ्या केकसाठी तसाच तोलून ठेवलेला मैदा काट्यावर ठेवला. बेल वाजवून दारातूनच ओरडली, "अण्णा! दोनशे बावन्न!" काका वगैरे दुपारीच संपलं होतं. अण्णा खुर्चीत असे बसले होते की जणू दुकान पुन्हा उघडलंय. मी त्यांना विचारलं, "जेवायला वाढू का?" त्यांनी ऐकलंच नाही.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी चारला समोरून हाक यायची, "अण्णा, येता का?" आणि अण्णा सकाळपासून शर्टाला इस्त्री करायला लावायचे. कुणाला? मला! माझ्याच हातानं इस्त्री केलेला शर्ट घालून ते तिच्या ओट्यापाशी स्टुलावर बसायचे. ती भांडं पुढे करायची, ते मैदा घालायचे, साखर घालायचे, हातात तोलून सांगायचे, आणि ती काट्यावर ठेवून आकडा वाचायची. "दोनशे एक्कावन्न!" पुढच्या वेळी, "एकोणपन्नास, अण्णा, एकाने हुकलं!" दोन दारं ओलांडून त्यांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरात यायचं. आई गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं की नाही? मला ते हसणं टोचायचं.

घरी आल्यावर पुन्हा तिचंच पुराण. "पोरीच्या हाताला शिस्त आहे." "पोरगी आकड्याला पक्की आहे, एका ग्रॅमला सोडत नाही." मी केलेला केक पुढे ठेवला की खाऊन म्हणायचे, "बरा आहे." इतकंच. एकदा मी केतकीला जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "इतकं मोजून-मापून करायचं म्हणजे हाताला काही येतच नाही का तुझ्या?" ती चिडली नाही. "नाही येत, अक्का," ती म्हणाली. तोवर तीसुद्धा मला अक्का म्हणायला लागली होती. "मी सातवीत असताना आई गेली. मग हॉस्टेल. मला कुणी ओट्यापाशी उभं करून शिकवलंच नाही. फोनवर बघून शिकले. त्यात आकडा दिला असेल तर मला कळायचं, 'अंदाजे' लिहिलेलं असलं की रडू यायचं. आकडा बरा. चुकलं तरी तो रागावत नाही." मी तिला कॉफी दिली. पण मनातल्या मनात म्हटलं, आई नाही म्हणून काय माझे अण्णा घेशील?

अण्णांचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला. पेठेतले सगळे नातेवाईक घरी जमायचे ठरले. जेवताना मी सहज म्हटलं, केक कुठला करू, संत्र्याचा की वेलचीचा? अण्णा दहीभात कालवत म्हणाले, "केकचं केतकीला सांग. ती बरोबर करेल." "मी करणार आहे," मी म्हटलं. "सरी, तू कर," ते म्हणाले आणि दहीभात खात राहिले. त्या 'सरी'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कुणाचं कौतुक नको होतं, नातेवाइकांचं नको, बिल्डिंगचं नको. फक्त एकदा अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं की शोभाचा केक बरोबर आलाय.

मी तसाच काटा मागवला. तोच, पांढरा, दोन बटणांचा. खोकं तांदळाच्या डब्यामागे लपवलं. सोबत तो सोनारी छोटा काटाही मागवला, कमी पडायला नको. मग समोर जाऊन, जीभ साखरेत घोळवून म्हटलं, "केतकी, तुझी दह्याच्या केकची रेसिपी दे ना ग." तिनं काही विचारलं नाही. तिथल्या तिथे वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मैदा २५०, साखर २००, दही ३००, तेल १३०, बेकिंग पावडर ७, सोडा ३. ओव्हनचं तापमान, किती मिनिटं, सगळं. मी ते पान पदराआड घालून आणलं, दार लावलं आणि एकेक आकडा बघून केक केला.

तो ओव्हनमध्ये टोपीसारखा वर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत मध्ये धपकन बसला. चव घेतली तर साबण. म्हटलं, ओव्हनचं काहीतरी झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुन्हा तेच, फुगला, बसला, साबण. वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. माझं डोकं फिरलं. मी तो केक ट्रेसकट उचलला आणि समोरची बेल दाबली.

"हे बघ," मी म्हटलं. "मुद्दाम चुकीचे आकडे लिहून दिलेस ना? अण्णांसमोर माझी फजिती व्हावी म्हणून? खोटारडी कुठली!" मजल्यावरची दोन दारं उघडली. केतकी केककडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी आकडा चुकीचा लिहीन, अक्का?" आणि ते असं म्हणाली की मला माझाच संशय आला. मागे आमच्या दारात अण्णा उभे होते. "शोभा, आत ये," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला पेपरही वाचायला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. केतकी रिकाम्या हातानं आली होती. "अक्का, तुमचा काटा, तुमचा मैदा. तुम्ही करा, मी फक्त बघणार. हात लावणार नाही." अण्णांनी आपली खुर्ची ओढत आणून स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि बसले. मला नाही म्हणायची सोय उरली नाही. भांडं ठेवलं, शून्य केलं, मैदा घालायला लागले. दोनशे तीस, दोनशे चाळीस, दोनशे पन्नास. थांबले आणि साखरेच्या डब्याकडे वळले.

"हे काय केलंत?" केतकीनं विचारलं.

"काय केलं?"

"आत्ता. पन्नासवर आल्यावर चमचाभर वर टाकलात."

"मी? छे! काहीतरीच!"

"बरं, साखर घ्या," ती म्हणाली आणि खिडकीतल्या आकड्यावर बोट धरून उभी राहिली. साखर दोनशेला आली. मी चमचा उचलला, आणि माझ्या हातानं, मी शपथेवर सांगते, मला न विचारता, अर्धा चमचा साखर अजून भांड्यात टाकली. खिडकीत २०९. मी तोंडाचा आ वासला. दारातून अण्णांचा आवाज आला. त्यांना आकडा दिसत नव्हता, पण हात दिसला होता. "कोसरू!" ते ओरडले. "अग, ही कोसरू घालतेय!" आणि ते इतके हसले की ठसका लागला, मी पाणी दिलं तरी हसतच राहिले.

कोसरू आमच्या पेठेत सगळ्यांना माहीत. वजन बरोबर भरलं की दुकानदार वरून मूठभर, चिमूटभर घालतो ते. तांदळावर मूठ, गुळावर खडा, कोथिंबिरीसोबत चार मिरच्या. ते मागावं लागलं तर दुकानदाराची इज्जत गेली, असं अण्णा मानायचे. मी सहा वर्षांची असल्यापासून शाळेतून आले की दुकानात पोत्यावर बसून बघायची. पारडी बरोबरीला आली की अण्णांचा हात परत एकदा पोत्यात जायचाच. सुट्टीत मला वजन करायला द्यायचे तेव्हा माझ्या मनगटावर टिचकी मारून सांगायचे, "हात रिकामा मागे आणू नको, गिऱ्हाईक बघतंय." तो हात अजून तसाच होता. मैद्यावर कोसरू, साखरेवर कोसरू, आणि तीन ग्रॅम सोड्यावर छोटा अर्धा चमचा कोसरू, म्हणजे सोडा दुप्पट. केक फुगणार नाही तर काय, आणि साबण लागणार नाही तर काय!

"अक्का," केतकी डोळे पुसत म्हणाली, तीही हसत होती, "बेकिंग पावडर काही गिऱ्हाईक नाहीये हो. तिला वर काही द्यायला नको." मी हसले. तेव्हाच म्हणायला हवं होतं, केतकी, चुकले ग, तुला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण मी म्हटलं, "कॉफी घेशील?" ती म्हणाली, "घेईन की." आणि तो विषय तिनं मिटवून टाकला. माझा मिटला नाही.

वाढदिवसाचा केक मी केला. केतकी शेजारी बसून माझं मनगट धरून होती. आकडा जमला की ती मनगट मागे ओढायची, "सरी, आता हात मागे!" तिचं कानडी एवढंच. केक सपाट आला, सरळ आला, नातेवाइकांनी दोनदा मागून घेतला. अण्णांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "बरोबर आलाय." मग अण्णांनी डोळे उघडले आणि केतकीकडे बघून मान हलवली. माझ्याकडे नाही. केतकीकडे. तिनं लगेच माझ्याकडे बोट दाखवलं, पण त्यांना ते दिसलं नसावं. मनगट तिनं धरलं होतं, आकडे तिचे होते, श्रेय तिला जायला हवंच होतं, हे मला समजतं. समजून काय करायचं? मी आत जाऊन भांडी घासली. भांडी घासायला बाई होती तरी घासली.

पुढे चारेक महिन्यांत तिच्या नवऱ्याची नोकरी पुन्हा पुण्याला लागली. दोन वर्षं समोर राहिली आणि निघाली. सामान आधी गेलं होतं. जायच्या सकाळी ती अण्णांच्या पाया पडली, अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मी लिफ्टपर्यंत गेले. म्हटलं, आता तरी माफी मागून टाकावी. तेवढ्यात तीच म्हणाली, "अक्का, अण्णांना बोलवत जा मधून मधून. ओट्यापाशी." मला राग आला. माझ्या बापाला मी बोलवायचं? माझ्याच घरात तर आहेत चोवीस तास! "बघू," मी म्हटलं. लिफ्टचं दार लागलं. माफी राहिली ती राहिलीच.

आता अण्णा माझे होतील असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं. पण शनिवार आला आणि अण्णा खुर्चीतच बसून राहिले. शर्टाला इस्त्री करू का विचारलं तर म्हणाले, "कशाला?" चार वाजले की दाराकडे तोंड करून बसायचे, पाच वाजले की पुन्हा खिडकीकडे. समोर नवीन भाडेकरू आले होते, दोघंही दिवसभर ऑफिसात, दाराला कुलूप. असे कितीतरी शनिवार गेले. शेवटी एक दिवस माझा बांध फुटला. "अण्णा," मी म्हटलं, "तिच्याकडे धावत जायचात. इथे इतकी वर्षं मी केक करतेय, एकदा तरी ओट्यापाशी आलात? मी कुणी लागत नाही का तुमची?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी किती दिसत होते कोण जाणे. "तिनं बोलावलं," ते म्हणाले. "तू दार लावून करतेस. तू बोलावलंस कधी?"

पुढच्या शनिवारी दुपारी चारला मी ओव्हन लावला, काटा बाहेर काढला, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं आणि हॉलकडे तोंड करून म्हटलं, "अण्णा, येता का?" ते उठले, खोलीत गेले. मला वाटलं, येत नाहीत. पाच मिनिटांनी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. बटणं वरखाली लागली होती. मी ती सारखी केली आणि त्यांच्यापुढे ताटली ठेवली. "पाव किलो मैदा, अण्णा."

त्यांनी मैदा ओतला. थोडा ओट्यावर सांडला. ताटली तळहातावर घेऊन दोनदा तोलली, अजून एक चमचा घातला, पुन्हा तोलली. "साकु. पाव किलो," असं म्हणून त्यांनी मैदा काट्यावरच्या माझ्या भांड्यात रिता केला आणि मान वर करून विचारलं, "किती?"

खिडकीत २१२ होतं. अडतीस ग्रॅम कमी. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ऐंशी ओलांडलेले माझे अण्णा, आकड्यांच्या खिडकीकडे बघत होते आणि त्यांना त्यातलं काहीही दिसत नव्हतं. "दोनशे पन्नास, अण्णा," मी म्हटलं. "बघ!" ते म्हणाले. "हात अजून आहे." आणि हसले. तेच हसणं, दोन दारं ओलांडून यायचं ते. या वेळी माझ्या ओट्यापाशी.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी गुपचूप अडतीस ग्रॅम मैदा भांड्यात घातला. घालता घालता माझा चमचा थांबला. दर शनिवारी. दोनशे एक्कावन्न. दोनशे एकोणपन्नास, अण्णा, एकाने हुकलं. आकडा फक्त तिला दिसायचा, वाचायची तीच. म्हणजे तीही माझ्यासारखंच करत होती? उसनी साखर चौऱ्याऐंशीची पंच्याऐंशी न करणारी बाई. आणि मी तिला सगळ्या मजल्यासमोर चुकीचे आकडे देते म्हणून खोटारडी म्हटलं होतं. मला रडू आलं, आणि खरं सांगू, त्या रडण्यातही थोडी जळफळ होती. हे मला आधी का नाही सुचलं? मुलगी मी ना त्यांची?

केक ओव्हनमध्ये ठेवून मी तिला फोन लावला. आधी माफी मागितली. दीड वर्ष उशिरा, पण मागितली. ती म्हणाली, "अहो अक्का, काय हे, मी विसरलेसुद्धा." मग मी आवाज खाली करून विचारलं, "केतकी, आता खरं सांग. अण्णांचं पाव किलो तुझ्या काट्यावर किती भरायचं ग?"

पलीकडे कुकरची शिट्टी सुरू झाली आणि संपली.

"अडीचशे, अक्का," ती म्हणाली. "बरोब्बर अडीचशे."